1966 ची ‘अल्ट्रामॅन’ पुन्हा बघायचीय? मग अशी बघा

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ बघून मनगटावरच्या घड्याळात बोलत फिरलेली पिढी, आणि नंतर केबलवर ‘पॉवर रेंजर्स’वर वाढलेली पिढी, दोघांसाठी हा लेख आहे. दोन्हींचं मूळ जपानमधे. पॉवर रेंजर्समधली मारामारी तर बरीचशी जपानी मालिकेचंच फुटेज होती, मधे मधे अमेरिकन पोरं नव्याने शूट करून घातलेली. आता मोठेपणी या प्रकाराच्या मुळाशी जायचं म्हटलं की माणूस पोचतो 1966 च्या ‘अल्ट्रामॅन’पाशी, म्हणजे परग्रहावरून आलेला अवाढव्य हिरो दर भागात एखाद्या मॉन्स्टरशी लढतो त्या मालिकेपाशी, दोन भाग बघतो, रबरी सूटवर हसतो आणि सोडून देतो. किंवा उलटं, सगळंच कसं महान होतं म्हणून भक्त होतो. मी दोन्ही प्रकारच्या लोकांशी तासन्‌तास वाद घातलेत आणि माझं ठाम मत असं की मालिका नीट बघायची तर एकच प्रश्न हातात धरायचा: समोरचा मॉन्स्टर मेला, मग मालिकेने त्याचं काय केलं? बाकी सगळं आपोआप दिसायला लागतं.

1. आधी बरोबर मालिका पकडा

हसू नका, पहिला घोळ इथेच होतो. सर्चमधे नुसतं अल्ट्रामॅन टाकलंत की नेटफ्लिक्सची 2019 ची ॲनिमेशन मालिका येते, 2024 चा ॲनिमेशन सिनेमा येतो, 2022 चा ‘शिन अल्ट्रामॅन’ येतो, आणि वर नव्या नव्या अल्ट्रामॅनांची रांग. आपल्याला हवी ती मूळ मालिका: त्सुबुराया प्रॉडक्शन्सची, टीबीएस चॅनेलवर 17 जुलै 1966 ते 9 एप्रिल 1967 अशी चाललेली, एकूण 39 भाग, प्रत्येक साधारण पंचवीस मिनिटांचा. रंगीत आहे. ब्लॅक अँड व्हाइट दिसली तर तुम्ही चुकून ‘अल्ट्रा क्यू’ लावलीय, ती याच कंपनीची जानेवारी 1966 ची, तिच्यात मॉन्स्टर आहेत पण हिरोच नाही. वाईट नाहीये, फक्त वेगळी आहे.

2. सामान

- जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स असलेली अधिकृत प्रत. त्सुबुरायाचं अधिकृत यूट्यूब चॅनेल आहे, तिथे बऱ्याच गोष्टी सबटायटल्ससकट येतात पण काही ठरावीक काळच राहतात, त्यामुळे ‘नंतर बघू’ करू नका.
- डिस्क मागवणार असाल तर रीजन तपासा. ब्लू-रेसाठी भारत रीजन सी मधे, जपान आणि अमेरिका ए मधे. डीव्हीडीला भारत 5, जपान 2. परदेशातला भाऊ-वहिनी येताना घेऊन येतील आणि इकडे प्लेअर ढिम्म हलणार नाही, असं व्हायला नको.
- फ्रेम-फ्रेमने पुढे जाणारा प्लेअर. व्हीएलसीमधे ई दाबलं की एकेक फ्रेम सरकते, पुरेसं आहे.
- भागांची यादी, आणि प्रत्येक भागापुढे लेखक-दिग्दर्शकाचं नाव. ही यादी सगळ्यात महत्त्वाची, का ते सातव्या पायरीला कळेल.
- वही. फोनमधे नोट्स नको, फोन हातात आला की संपलंच.

जुनं अमेरिकन डबिंग पण सापडेल. सुरुवातीला ते घेऊ नका. मूळ जपानी संवादात जी एक जडशी शांतता असते ती त्यात टिकत नाही, आणि मग वाटतं मालिकाच पोरकट आहे. नंतर तुलनेसाठी एखादा भाग जरूर बघा, मजा येते.

3. 39 च्या 39 बघायला बसू नका

सोळा तासांच्या वर जातं हे सगळं मिळून. पहिल्या फेरीत बारा भाग घ्या: 1, 2, 10, 15, 23, 26, 27, 33, 34, 35, 37, 39. पाचेक तासांत होतात. एका बैठकीत दोनच. ही मालिका आठवड्याला एक भाग अशी बघायला केलेली आहे, सलग लावलीत की प्रत्येक वेळी मॉन्स्टर येतो, मॉन्स्टरांशी लढणारी माणसांची टीम विमानातून उडते, हिरो येतो, किरण सोडतो, एवढंच डोक्यात उरतं आणि भागाभागातला फरक पार पुसला जातो.

या फेरीत लिहायचं काही नाही. नुसतं बघा, हसायचं तिथे हसा. फक्त पहिल्या भागातला एक प्रसंग लक्षात ठेवा: अल्ट्रामॅन ज्यातून येतो तो लाल गोळा टीममधल्या हायाताच्या विमानावर आपटतो आणि हायाता मरतो. म्हणजे आपल्या हिरोने पृथ्वीवर येऊन पहिलं काम केलं ते एका माणसाला चुकून मारायचं. मग तो माफी मागतो आणि स्वतःचा जीव त्याला देतो, आणि तिथून पुढे हायाताच रूप बदलून अल्ट्रामॅन होतो. अख्खी मालिका या अपघातावर उभी आहे आणि लोक ते विसरूनही जातात.

4. सूटवर हसून झालं? आता नीट बघा

झिप कुठे दिसली, वायर कुठे दिसली हे शोधणं म्हणजे समीक्षा नव्हे, पण ते आधी उरकून घेतलेलं बरं, नाहीतर मन तिकडेच राहतं. तर शोधायचंच असेल तर कामाचं शोधा.

दहावा भाग लावा. जिरास नावाचा मॉन्स्टर मानेभोवती पिवळट झालर घेऊन तळ्यातून बाहेर येतो. मारामारीत अल्ट्रामॅन ती झालर उपटतो आणि खाली कोण दिसतं? गॉडझिला. शब्दशः गॉडझिलाचाच सूट. आता हे पैसे वाचवायला केलं हे खरं, पण झालर उपटायचं कोणीतरी मुद्दाम ठरवलं ना! कंपनीचा संस्थापक एजी त्सुबुराया स्वतः गॉडझिलाच्या स्पेशल इफेक्ट्सचा माणूस, म्हणजे घरचाच पाहुणा वेष बदलून आला आणि घरच्यांनीच त्याचा वेष काढला. असं अजूनही आहे: तिसऱ्या भागातला नेरोंगा, आठव्यातला मागुलार आणि नवव्यातला गाबोरा हे तिघं एकाच जुन्या सूटची तीन रूपं. एकापाठोपाठ एक लावून पाठीकडे बघा.

अल्ट्रामॅनचा चेहरा पण बदलतो. सुरुवातीच्या भागांत तोंडाभोवती सुरकुत्या आहेत, चौदाव्या भागापासून चेहरा गुळगुळीत होतो, तिसाव्यापासून परत नवा सूट. डिझायनर तोरु नारिता. छातीवरचा लुकलुकणारा दिवा त्याच्या मूळ डिझाइनमधे नव्हता, तो नंतर घातला गेला आणि नारिताला तो पसंत नव्हता, म्हणूनच 2022 च्या सिनेमात तो काढून टाकला. आता तुम्ही ठरवा. माझ्या मते दिव्याने गोष्टीला घाई मिळाली पण आकृतीचा डौल गेला. नारिताचे मॉन्स्टर बनवायचे नियमही ध्यानात ठेवा: नुसता प्राणी मोठा करायचा नाही, दोन-चार डोक्यांचे विचित्र प्रकार करायचे नाहीत, आणि जखमी, रक्ताळलेलं, किळसवाणं काही करायचं नाही. हे कळलं की आतापर्यंत ‘गमतीशीर’ वाटलेले चेहरे वेगळे दिसतात.

आणि हो, इमारती पडताना जड का वाटतात? कॅमेरा जास्त वेगाने चालवून शूट करायचं आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचं, धूळ सावकाश बसते, वजन येतं. प्लेअरचा स्पीड दुप्पट करून बघा, लगेच खेळण्यातलं गाव दिसायला लागेल.

5. दुसरी फेरी: मॉन्स्टरच्या बाजूने

हीच खरी फेरी. आता वही काढा. प्रत्येक भागासाठी चार ओळी: मॉन्स्टर इथे आला का, त्याला काय हवं होतं, त्याला कोणी मारलं किंवा घालवलं, आणि नंतर कोणाला वाईट वाटलं. शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा ‘कोणालाच नाही’ येईल. जिथे येत नाही तो भाग धरून ठेवा.

दुसरा भाग, बाल्टन. हा सगळ्यात प्रसिद्ध परग्रहवासी, खेकड्यासारखे पंजे, घुमणारं हसणं. त्यांचा ग्रह एका वेड्या शास्त्रज्ञाच्या अणुचाचणीत नष्ट झालाय, यानात दोन अब्ज तीन कोटी जण सूक्ष्म आकारात बसलेत. निर्वासित आहेत हो ते! हायाता म्हणतो आमचे कायदे पाळा, राहायला हरकत नाही, मग मंगळावर जा म्हणतो, त्यांना ते चालत नाही, बोलणी फिसकटतात. आणि अल्ट्रामॅन मोठ्या बाल्टनला हरवून यानसुद्धा उडवतो. दोन अब्ज. भागाला सुरुवात होते ती टीममधला इदे, काळानिळा डोळा घेऊन, थेट आपल्याकडे बघून गप्पा मारतोय अशी, एकदम हलकीफुलकी. हा हलकेपणा आणि तो आकडा एकाच पंचवीस मिनिटांत कसे बसवलेत, की बसलेतच नाहीत, यावर एक पान लिहा. मला विचाराल तर बसलेले नाहीत.

26-27, गोमोरा. जोडभाग आहे. एका बेटावर सापडलेला प्राचीन प्राणी बेशुद्ध करून ओसाकाला न्यायचा, तिथल्या जागतिक प्रदर्शनात ठेवायचा म्हणून. खरं प्रदर्शन ओसाकात 1970 ला भरलं, हे भाग जानेवारी 1967 चे, तयारीचा उत्साह हवेत असतानाचे. तो शुद्धीवर येतो, शेपूट तुटते, ओसाकाचा किल्ला तो पाडतो, शेवटी मारला जातो. त्याने कोणाचं काय बिघडवलं होतं? बेटावरून उचलून आणेपर्यंत काहीच नाही.

पंधराव्या भागातला गावादोन तर पोरांनी सिमेंटच्या पाइपवर काढलेलं चित्र, ते जिवंत होतं आणि शहरात पडून झोपा काढतं. बस, एवढंच त्याचं पाप. मोठी माणसं नुकसानीचा हिशोब करतात, पोरं ओरडतात त्याला मारू नका.

आणि 23. हा भाग रात्री उशिरा, दुसरं काही नसताना बघा.

जामिला मुळात माणूस आहे. अंतराळवीर, पाणी नसलेल्या ग्रहावर अडकला, त्याला पाठवणाऱ्यांनी तो विषयच दडपून टाकला, तिथे जगता जगता त्याचं शरीर बदललं. मग स्वतःच यान दुरुस्त करून तो परत आलाय, सूड घ्यायला, आंतरराष्ट्रीय शांतता परिषदेवर. हे कळल्यावर टीमला पॅरिसच्या मुख्यालयाचा आदेश येतो की हा माणूस होता हे बाहेर पडता कामा नये, मॉन्स्टर म्हणून संपवा. इदे, एरवी टीमचा विनोदवीर, लढायला नकार देतो. मग जामिला एक गाव पेटवतो तेव्हा तोच इदे त्याच्यावर ओरडतो, तुझ्यात माणुसकी उरलीय की नाही, आणि जामिला क्षणभर थांबतो. इथे पॉज करा. रबरी मुखवट्यात हलणारं काही नाही, तरी थांबणं कळतं. कशाने कळतं? खांदे, मान, कट कुठे बसलाय, हे फ्रेम-फ्रेमने बघून लिहून काढा.

शेवट पाण्याने होतो. ज्याला पाण्यावाचून मारायला टाकलं होतं त्याच्यावर अल्ट्रामॅन पाण्याचा झोत सोडतो. जामिला चिखलात लोळतो, परिषदेबाहेर लावलेल्या देशोदेशीच्या झेंड्यांकडे सरकत जातो, आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा होत जातो. आणि मग थडग्यावरची पाटी, फ्रेंचमधे: मानवजातीच्या आदर्शासाठी आणि विज्ञानाच्या प्रगतीसाठी झटलेला योद्धा इथे विसावला आहे, अशा अर्थाची. इदे ती बघून म्हणतो की बळी गेलेल्यांचं नेहमी असंच, शब्द तेवढे सुंदर असतात. बाकीचे निघतात, त्याला हाका मारतात, तो हलत नाही.

लहान मुलांच्या मालिकेत, रविवारी संध्याकाळी जेवणाच्या वेळेला. दर आठवड्याला सरासरी छत्तीस टक्क्यांच्या वर घरं ही मालिका बघत होती.

इथे सापळा असा की जामिला पाहिला की लोक अख्ख्या मालिकेलाच ‘युद्धविरोधी महाकाव्य’ ठरवून मोकळे होतात. नाही हो. पुढच्याच आठवड्यापासून परत मॉन्स्टर येतात आणि बिनबोभाट मरतात. ही विसंगती झाकू नका, तीच तर लिहिण्यासारखी आहे.

6. माणसांकडेही बघा

फुजी अकिको ही टीममधली एकटी बाई. ती किती वेळा संपर्काच्या डेस्कवर आहे, किती वेळा मैदानात, एकदा मोजाच. 33 व्या भागात मेफिलास नावाचा परग्रहवासी तिला इमारतीएवढी करतो, पण तेही तिच्या मर्जीशिवाय. त्या भागातली खरी लढत मात्र तिच्या धाकट्या भावाशी: मेफिलासला फक्त एवढंच हवंय की या पोराने तोंडाने म्हणावं, पृथ्वी तुला दिली. पोरगा म्हणत नाही.

37 मधे इदेला प्रश्न पडतो की शेवटी सगळं अल्ट्रामॅनच करणार तर आम्ही कशाला. हा प्रश्न मनात ठेवूनच 39 बघा, कारण तिथे झेटोन नावाच्या मॉन्स्टरसमोर अल्ट्रामॅन हरतो आणि झेटोनला माणसंच पाडतात. आणि हायाताला शेवटी टक्कर झाल्यानंतरचं काहीच आठवत नाही. मग मधले इतके भाग आपण कोणाला बघत होतो? हायाताचं काम करणाऱ्या सुसुमु कुरोबेचा चेहरा या नजरेने परत बघा.

7. यादी दिग्दर्शकानुसार लावा

दुसऱ्या पायरीतली यादी आता काढा. अकिओ जिस्सोजी दिग्दर्शक आणि मामोरु सासाकी लेखक असे सहा भाग आहेत: 14, 15, 22, 23, 34, 35. हे सहा सलग बघा. कॅमेरा एकदम चेहऱ्याला चिकटतो, नाहीतर कशाच्या तरी आडून बघतो, अर्धी फ्रेम अंधारात. लगेच पुढे दुसऱ्या कोणाचाही भाग लावा, उजेड पडल्यासारखा वाटेल.

34 तर निव्वळ टवाळी. आकाशातून दोन लाख टनांचा स्कायडॉन पडतो आणि त्याला हलवायचं कसं हाच प्रश्न. टीम करी-राइस खातेय, हायाता घाईघाईत बाहेर धावतो, रूप बदलायला हात उंचावतो, आणि हातात चमचा. मग तो रूप बदलायचं खरं यंत्र काढतो. पुढच्याच भागात ही टीम मारलेल्या मॉन्स्टरांसाठी श्राद्धासारखा विधी करते, फोटो मांडून. तोच दिग्दर्शक, तोच लेखक. मॉन्स्टर मेल्यावर काय, हा आपला प्रश्न मालिकेने स्वतःच स्वतःला विचारलाय तो इथे.

8. संदर्भ वाचा, पण चमच्याने

मुख्य लेखक तेत्सुओ किंजो ओकिनावात वाढलेला. ओकिनावा 1972 पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं, तिथून जपानच्या मुख्य भूमीवर जायला कागदपत्रं लागायची. तो 1969 ला परत गेला, 1976 ला वारला. हे कळल्यावर प्रत्येक परग्रहवासी म्हणजे ओकिनावाचं रूपक वाटायला लागतो. सावध राहा. जामिलाचा भाग किंजोने लिहिलेलाच नाही, सासाकीचा आहे, आणि ते नाव अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या जमिला नावाच्या एका बाईवरून आलं असं सांगतात. म्हणून नियम: रूपक लिहायच्या आधी भागाचा लेखक कोण ते यादीत बघा. एवढं केलंत तरी इंटरनेटवरच्या निम्म्या थिअऱ्या गळून पडतात.

9. पुढे काय

उरलेले भाग आता हवे तसे बघा. निवेदकाचा आवाज विसाव्या भागापासून बदलतो, पहिले 19 कोजी इशिझाकाचे, नंतरचे हिकारु उरानोचे, आणि फरक चांगलाच जाणवतो.

मग 1967 ची ‘अल्ट्रासेव्हन’ घ्या. फक्त एक लक्षात असू द्या: तिचा बारावा भाग अधिकृत संचात मिळणार नाही. 1970 मधे मुलांच्या एका मासिकासोबतच्या कार्डावर त्यातल्या परग्रहवासीयाला अणुबॉम्बपीडितांसाठीचा शब्द वापरून नाव दिलेलं निघालं, वाचलेल्या पीडितांच्या बाजूने निषेध झाला आणि तेव्हापासून तो भाग मागे घेतलेला आहे. कोणी विकायला आणला तर प्रत चोरटी समजा. आणि यादीत नावं बघा: दिग्दर्शक जिस्सोजी, लेखक सासाकी.